दुसरे सिलिंडर

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी यंदा काहीतरी लिहावे, असा संपादकांचा प्रेमळ आग्रह झाला, तेव्हा भूलशास्त्रातील एखाद्या विषयावर चार शब्द लिहावेत, असे मी मनाशी योजले होते. सारी उमेद भूल देण्यातच गेली. त्याखेरीज मला दुसरे येते तरी काय? परंतु लिहावयास बसलो आणि लेखाने वेगळीच वाट धरली. ही वाट स्कॉटलंडच्या उत्तरेकडील थंडगार समुद्राच्या तळाशी जाते आणि तेथून फिरून आपल्याच ऑपरेशन थिएटरच्या दाराशी येऊन थांबते. वाचकांनी थोडा धीर धरावा, ही विनंती.

माझे आयुष्य देवास गेट परिसरात गेले. एका अंगाला रेल्वे स्टेशन, दुसऱ्या अंगाला बसस्थानकाचा गलबला आणि मधोमध आमचे घर. रात्री-अपरात्री एखाद्या नर्सिंग होममधून निरोप येई आणि मी स्कूटर काढी. त्या काळी लहान रुग्णालयांत नळीवाटे येणारा ऑक्सिजन नव्हता. वॉर्डबॉय काळ्या अंगाचे, पांढऱ्या खांद्याचे सिलिंडर तिरके करून, बुडाच्या कडेवर गरगर फिरवीत आणीत असे. फरशीवरचा तो घरघराट ऐकला की माझे काम सुरू झाले, असे समजावे.

गेल्या हिवाळ्यात एका रात्री कन्येचा फोन आला. ती उत्तर स्कॉटलंडमधील एका रुग्णालयात डॉक्टर आहे. इकडची तिकडची चौकशी झाल्यावर म्हणाली, "बाबा, तुम्ही आयुष्यभर सिलिंडरांशीच संसार केलात. आता मला दोन सिलिंडर घ्यायचे आहेत. कोणते घेऊ, सांगा."

मला वाटले, दवाखान्यासाठी असतील. "अगं, तिकडे सगळे नळीतून येते ना?"

"रुग्णासाठी नाहीत, बाबा. माझ्या पाठीसाठी."

तिच्या आईने हे ऐकले आणि हातातला स्वेटर बाजूला ठेवला.

मालवणचे ऊबदार पाणी

या छंदाची सुरुवात आपल्याच कोकणात झाली. काही वर्षांपूर्वी आम्ही सहकुटुंब मालवणास गेलो होतो. शिवछत्रपतींनी १६६४ साली पायाभरणी केलेला सिंधुदुर्ग किल्ला पाहून आम्ही वृद्ध मंडळी किनाऱ्यावर सोलकढी पीत बसलो. कन्येने मात्र पाठीला सिलिंडर बांधून किल्ल्याजवळच्या पाण्यात बुडी घेतली. शेजारीच तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. तेथील पाणी सत्तावीस-अठ्ठावीस अंशांचे, खोली बेताची, बरोबर प्रशिक्षक. अशा ठिकाणी सुमारे अकरा लिटरचे एक ॲल्युमिनिअमचे सिलिंडर आणि अंगात घालावयाचे फुगते जाकीट एवढी सामग्री पुरते. काही बिघडलेच, तर मान वर करून पृष्ठभागावर यावयास फार वेळ लागत नाही.

स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्कनी बेटांत स्कापा फ्लो नावाचे विस्तीर्ण नैसर्गिक बंदर आहे. पहिल्या महायुद्धानंतर तेथे अडकवून ठेवलेल्या जर्मन आरमाराने २१ जून १९१९ रोजी आपली जहाजे आपल्याच हातांनी बुडविली. ७४ जहाजांपैकी ५२ तळाला गेली. पुढे बहुतेक वर काढण्यात आली. तरी तीन मोठ्या युद्धनौका आणि चार हलक्या क्रूझर अद्याप तेथे आहेत. जगभरचे पाणबुडे त्या पाहावयास येतात. खोली तीस ते पंचेचाळीस मीटर, पाणी वसंतात सात-आठ अंशांचे आणि भर उन्हाळ्यातही बारा-तेरा अंशांच्या आसपास. कन्येला तेथे जायचे होते. तिच्या प्रशिक्षकाने सांगितले होते की, मालवणची सामग्री घेऊन तेथे उतरायचे नाही. जोड-सिलिंडर आणि विंग घेऊन आधी वर्षभर सराव करायचा.

मी पोहतोसुद्धा तो क्षिप्रेच्या रामघाटावर, पायरी धरून. मला यातले काय कळणार? पण सिलिंडर म्हटल्यावर मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो, आणि जसजसे वाचीत व विचारीत गेलो, तसतसे लक्षात येऊ लागले की हा विषय मला परका नाही.

एक चालू, एक राखीव

माझ्या पिढीच्या सर्व भूलतज्ज्ञांनी बॉइल्स मशीनवर काम केले आहे. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातील डॉ. हेन्री बॉइल यांनी १९१७ साली ते प्रचारात आणले. वायूचा दाब आणि आकारमान यांचा नियम सांगणारा रॉबर्ट बॉइल वेगळा. तो सतराव्या शतकातला. त्या मशीनवर ऑक्सिजनचे दोन सिलिंडर लावण्याची शिस्त होती : एक चालू, एक भरलेले राखीव. विद्यार्थीदशेत आम्हांला बजावले जाई की, राखीव सिलिंडर शस्त्रक्रिया लांबविण्यासाठी नसून रुग्णाला सुखरूप परत आणण्यासाठी आहे.

ही शिस्त मोडल्याचा एक प्रसंग मी आजवर कोठे लिहिलेला नाही. ऐंशीच्या दशकातील गोष्ट. गाव आणि रुग्णालय यांची नावे सांगण्याचे प्रयोजन नाही. एका तरुण स्त्रीचे पोटाचे ऑपरेशन चालू होते. स्नायू शिथिल करणारे औषध दिलेले, श्वास सर्वस्वी माझ्या हातांतील पिशवीवर. दाबाचा काटा खाली आला, म्हणून मी शांतपणे राखीव सिलिंडरची किल्ली फिरविली. काटा हलला नाही. सिलिंडरवर खडूने 'भरलेले' असे लिहिले होते; आत काही नव्हते. नाडीतील ऑक्सिजन दाखविणारे यंत्र तेव्हा आमच्याकडे नव्हते. होता तो फक्त ओठांचा रंग. ॲम्बू बॅगने साध्या हवेवर तिचा श्वास चालू ठेवला, आणि वॉर्डबॉयने व्हरांड्यातून दुसरे सिलिंडर आणीपर्यंत तीन-चार मिनिटे गेली. बाई सुखरूप घरी गेली. तिला काही कळले नाही, तिच्या नवऱ्यालाही नाही. पण त्या रात्री मी झोपलो नाही. खडूने लिहिणाऱ्याची चूक होती, हे खरे; पण भूल देण्यापूर्वी दुसऱ्या सिलिंडरचा काटा मी स्वतः पाहिला नव्हता, हेही तितकेच खरे.

म्हणून कन्येला मी पहिल्याच दिवशी सांगितले, "दोन सिलिंडर म्हणजे दुप्पट वेळ, असे समजत असशील तर घेऊच नकोस."

थंड पाण्यात काय बिघडते?

थंड पाणी शरीरावर काय परिणाम करते, ते आपणां डॉक्टरांना ठाऊक आहे. पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने शरीराची उष्णता ओढून नेते. चेहऱ्याला गार पाणी लागताच श्वास अडखळतो आणि मग वेग घेतो. रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, बोटे बधिर होतात. परंतु उपकरणावरही थंडीचा तितकाच परिणाम होतो, हे मला नवीन होते.

सिलिंडरमधील दोनशे बार दाबाची हवा रेग्युलेटरच्या पहिल्या टप्प्यात एकदम प्रसरण पावते आणि प्रसरणाने थंड होते. पाणी अगोदरच पाच-सहा अंशांचे असेल, तर त्या जागी बर्फ धरतो, झडप उघडी ती उघडीच राहते आणि हवा धो-धो वाहू लागते. खोल पाण्यात अशा रीतीने एक सिलिंडर काही मिनिटांत रिकामे होऊ शकते. युरोपीय मानकाप्रमाणे जो रेग्युलेटर चार अंशांच्या पाण्यातील चाचणीस उतरलेला नाही, त्यावर तो दहा अंशांहून अधिक तापमानासाठीच आहे, अशी खूण असते. रेग्युलेटर घेताना ही खूण पाहावी. पहिला टप्पा पाण्यापासून बंदिस्त केलेला घ्यावा. सिलिंडरला तो पकडीने न अडकविता आट्यांनी बसणारा, म्हणजे डिन पद्धतीचा असावा. आणि गारठ्यात नावेवर उभे राहून विनाकारण त्यातून श्वास घेऊ नये.

इतके करूनही बर्फ धरणार नाही, याची हमी कोणी देत नाही. म्हणून थंड पाण्यात दोन स्वतंत्र झडपा आणि दोन स्वतंत्र रेग्युलेटर लागतात. एक गोठला, तर हात मागे नेऊन त्याची झडप बंद करावी, दुसऱ्यातून श्वास घ्यावा आणि वर निघावे. जोड-सिलिंडरचे खरे प्रयोजन हे आहे. उथळ पाण्यासाठी एकाच सिलिंडरला दोन तोंडे असलेली झडप मिळते. तिनेही हा हेतू बऱ्याच अंशी साधतो. ज्यांना पंधरा-वीस मीटरांखाली जायचे नाही, त्यांनी उगाच पाठीवर जोडओझे घेऊ नये, असे मला वाटते.

हवेचा हिशेब

आता किती लिटरचे सिलिंडर घ्यावे? दुकानदाराला विचारण्यापूर्वी हा हिशेब घरीच करावा. मी कन्येचा केला, तो असा.

पृष्ठभागावर ती मिनिटाला सोळा लिटर हवा घेते. तीस मीटरांवर दाब चार पट, म्हणून तेथे चौसष्ट लिटर. वीस मिनिटे तळाशी राहिल्यास सुमारे १२८० लिटर झाले. हे झाले सगळे सुरळीत चालले तर. आता तिच्या सोबत्याची हवा तळाशीच संपली, असे समजू. घाबरलेली दोन माणसे प्रत्येकी तीस, म्हणजे मिनिटाला साठ लिटर घेणार. परिस्थिती सावरण्यास तळाशी दोन मिनिटे : ४८०. वर येण्यास चार मिनिटे, सरासरी दाब अडीच पट : ६००. पाच-सहा मीटरांवर तीन मिनिटांचा थांबा : सुमारे २९०. हा राखीव साठा १३७० लिटरांचा झाला. दोन्ही मिळून २६५०.

बारा लिटरच्या एका सिलिंडरमध्ये दोनशे बारला २४०० लिटर हवा मावते. ती कमी पडते. सात-सात लिटरच्या जोडीत २८००, जेमतेम. साडेआठ-साडेआठच्या जोडीत ३४००, पुरेशी. बारा-बाराच्या जोडीत ४८००. अधिक खोल व टप्प्याटप्प्याने वर येण्याच्या बुडीसाठी ती ठीक, परंतु पट्टे, झडपा आणि हवा धरून ती पाठीवर चाळीस किलोंच्या घरात जाते. कन्येचे वजन पंचावन्न किलो, आणि रात्रपाळ्या करकरून कंबर आधीच बोलू लागलेली. हलत्या नावेवर चाळीस किलो घेऊन उभे राहणे हा पाण्याखालच्या कोणत्याही संकटाइतकाच खरा धोका आहे, हे आपल्यातील अस्थिरोगतज्ज्ञ मान्य करतील. साडेआठची जोडी त्याहून आठ-दहा किलोंनी हलकी. माझे मत तिच्या बाजूने पडले.

धातूविषयीही तिने विचारले. ॲल्युमिनिअमचे सिलिंडर रिकामे होत आले की तरंगू लागते. मग ते खाली ठेवण्यासाठी कमरेला अधिक शिसे बांधावे लागते. पोलादी सिलिंडर बहुधा तरंगत नाही, म्हणून जाड कपड्यांसह ड्राय सूट घालणाऱ्यास पोलाद सोयीचे. शिसे कमी लागते. उलट पातळ सूट घालून ऊबदार पाण्यात उतरणाऱ्याने पोलादी जोड घेऊ नये. तिची विंग फाटली, तर तळाहून पोहत वर येणे अवघड होते.

पाठीवरची पिशवी

विंग म्हणजे सिलिंडर आणि पाठ यांच्यामध्ये बसणारी हवेची पिशवी. पाठीला धातूचा एक पत्रा असतो, त्याला पट्टे. पत्र्यावर विंग आणि तिच्यावर सिलिंडरची जोडी बोल्टांनी आवळलेली. ही रचना मुख्यतः अमेरिकेतील उत्तर फ्लोरिडाच्या जलगुहांत उतरणाऱ्यांच्या हातून घडत गेली. हवा पाठीशी राहिल्याने माणूस पाण्यात पालथा, आडवा आणि स्थिर राहतो. छाती मोकळी राहते.

मोठी विंग अधिक सुरक्षित, असा नवशिक्यांचा समज असतो. तो चुकीचा आहे. मोठ्या पिशवीत थोडी हवा इकडून तिकडे पळते, माणूस कलंडतो, हवा बाहेर काढणे अवघड होते आणि प्रसंगी तो नको त्या वेगाने वर फेकला जातो. विंग किती किलो उचलणारी हवी, याचाही हिशेब आहे. हवेला वजन असते, हे आपण विसरतो. ३४०० लिटर हवा चार किलोंहून अधिक भरते. बुडीच्या आरंभी पाणबुडा तेवढ्याने जड असतो. त्यात ड्राय सूट फाटून पाणी शिरले, तर आतील जाड कपड्यांची तरंगशक्ती, अंदाजे दहा किलो, नाहीशी होते. हे झाले चौदा; आणि पृष्ठभागावर डोके नीट बाहेर राहावे, म्हणून आणखी चार. अठरा किलोंची विंग तिला पुरेल, असे उत्तर आले. तीस-पस्तीस किलोंची दुकानात असते, आणि ती घेऊ नये.

शिशाचे वजन ठरविताना मात्र बुडीचा शेवट पाहावा. सिलिंडर जवळजवळ रिकामे, विंगमध्ये हवा नाही, खोली पाच मीटर. अशा स्थितीत स्थिर राहता आले, तर वजन बरोबर. आरंभीच्या जडपणासाठी विंग आहे, शेवटच्या हलकेपणासाठी शिसे.

नळ्यांच्या मांडणीत एक शहाणपण आढळले. उजव्या झडपेवरून मुख्य रेग्युलेटर आणि विंग फुगविण्याची नळी. डाव्या झडपेवरून गळ्यात अडकविलेला दुसरा रेग्युलेटर, दाबमापक आणि ड्राय सूटची नळी. कोणतीही एक बाजू बंद करावी लागली, तरी श्वासाचे एक आणि तरंगण्याचे एक साधन हाती राहते. हे वाचून मला आमच्या मशीनच्या रचनाकारांची आठवण झाली. ऑक्सिजनच्या जागी नायट्रस ऑक्साइडचे सिलिंडर बसूच नये, म्हणून ज्यांनी जोखडावर खुंट्या ठोकल्या, त्यांचीही बुद्धी हीच होती.

मधली झडप

दोन्ही सिलिंडर वरच्या बाजूस एका आडव्या नळीने जोडलेले असतात. तिला मॅनिफोल्ड म्हणतात. तिच्या मधोमध आयसोलेटर नावाची झडप असते. एरवी ती उघडी ठेवायची, म्हणजे दोन्हीकडील हवा कोणत्याही रेग्युलेटरला मिळते. एखादी बाजू गळू लागली आणि बंद होईना, तर ती मधली झडप बंद करून निम्मी हवा वाचवायची.

कन्येने सहज सांगितलेल्या एका गोष्टीपाशी मी थबकलो. हवा भरताना ही मधली झडप चुकून बंद राहिली, तर एकच सिलिंडर भरते. दाबमापक डाव्या बाजूला. डावे भरलेले असेल, तर काटा पूर्ण साठा दाखवितो आणि माणूस श्वास घेत असतो उजव्यातून, जे रिकामे होत चालले आहे. काटा मात्र हलत नाही. अशी चूक पाणबुड्यांच्या जगात पुनःपुन्हा घडलेली आहे.

माझ्या डोळ्यांपुढे ते खडूने लिहिलेले 'भरलेले' उभे राहिले. मी तिला ती ऐंशीच्या दशकातील हकिकत प्रथमच सांगितली. फोनवर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बाबा, काटा हलत नसेल तर भ्यायचे, असेच ना?" मी म्हटले, "हो. आणि प्रत्येक वेळी पाण्यात उतरण्यापूर्वी तिन्ही झडपा आपल्या हाताने पाहायच्या. दुसऱ्याने पाहिल्या असे सांगितले, तरी."

झडप पाहणे वेगळे आणि पाण्याखाली, जाड हातमोजे घालून, मानेमागे हात नेऊन ती फिरविणे वेगळे. हात पोहोचत नसेल, तर जोड-सिलिंडर असून नसल्यासारखे. पत्र्यावर ते थोडे वर सरकवून किंवा पट्टे सैल करून पाहावे. ज्यांचा खांदा आखडलेला आहे, त्यांनी हा मोह सोडावा आणि सिलिंडर दोन्ही कुशींना लावण्याची पद्धत शिकावी. तीत झडपा डोळ्यांसमोर राहतात आणि सिलिंडर पाण्यात शिरल्यावर जोडता येतात.

कुशीच्या सिलिंडरांची ही पद्धत साऱ्या जगाने २०१८ मध्ये पाहिली. थायलंडमधील थाम लुआंग गुहेत २३ जूनला बारा मुले आणि त्यांचा प्रशिक्षक पुराच्या पाण्याने अडकले. अरुंद भुयारांतून पाठीवरचे सिलिंडर नेणे कठीण. कुशीला सिलिंडर लावलेल्या दोघा ब्रिटिश पाणबुड्यांनी २ जुलैला मुलांना शोधून काढले. गुहेतील पाणी उपसण्याच्या कामी सल्ला देण्यासाठी आपल्या किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञ गेले होते, आणि किर्लोस्करवाडीत चार मोठे पंप विमानाने पाठविण्यासाठी सज्ज ठेवले होते, ही आपणां मराठी माणसांस अभिमानाची गोष्ट. वाटेवर हवेचे सिलिंडर ठेवून परतताना थाई नौदलाचे माजी पाणबुडे समान गुनान ६ जुलैला मरण पावले. मुलांना बाहेर काढताना त्यांना केटामीन देऊन निद्रिस्त केले गेले, आणि ते देणारे डॉ. रिचर्ड हॅरिस हे ऑस्ट्रेलियातील भूलतज्ज्ञ होते. १० जुलैपर्यंत तेराही जण बाहेर आले. त्या आठवड्यात आमच्या व्यवसायाविषयी मला वाटलेला आदर याआधी क्वचितच वाटला होता.

आपल्या दवाखान्यात

हे सगळे उज्जैनच्या डॉक्टरांनी कशासाठी वाचावे? त्याचे कारण असे की, आता आपल्याकडील तरुण मंडळी मालवण, गोवा, अंदमान येथे बुड्या घेऊन येतात आणि कुरकूर घेऊन आपल्याकडे बसतात. खांदा किंवा गुडघा दुखणे, त्वचेवर चट्टे, हातापायांना मुंग्या, अनाकलनीय थकवा, अशा तक्रारी बुडीनंतर चोवीस तासांत सुरू झाल्या असतील, तर रक्तात व ऊतींत नायट्रोजनचे बुडबुडे झाल्याची शंका घ्यावी. रॉबर्ट बॉइलनेच १६७० साली निर्वात पात्रात ठेवलेल्या सापाच्या डोळ्यात असा बुडबुडा पाहिल्याचे नमूद केले आहे. जॉन स्कॉट हाल्डेन यांनी शेळ्यांवर प्रयोग करून १९०८ मध्ये टप्प्याटप्प्याने वर येण्याची पद्धत दिली. त्यांचे पुत्र जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९३९ च्या 'थेटिस' पाणबुडीच्या दुर्घटनेनंतर थंडी, दाब आणि कार्बन डायऑक्साइड यांचे प्रयोग स्वतःच्या देहावर करून घेतले. ते १९५७ साली भारतात आले, १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले आणि त्यांचा देह त्यांच्या इच्छेप्रमाणे काकिनाड्याच्या रंगराया वैद्यकीय महाविद्यालयास देण्यात आला. पाणबुड्यांचे शास्त्र अशा रीतीने आपल्या देशाच्या मातीशी जोडलेले आहे.

उपचारांत प्रथम शंभर टक्के ऑक्सिजन, आडवे झोपविणे, द्रवपदार्थ. आणि मग दाबकक्षाची सोय असलेल्या केंद्राशी संपर्क. मुंबईच्या नौदल रुग्णालयात, आय. एन. एच. एस. अश्विनी येथे, अशी सोय आहे. खोल किंवा एकापाठोपाठ बुड्या झाल्यावर अठरा ते चोवीस तास विमानात बसू नये. त्याच संध्याकाळी मालवणहून सुमारे सातशे मीटर उंचीचा आंबोली घाट चढून येणेही टाळलेले बरे. रक्तदाबाच्या रुग्णास थंड पाण्यात श्वास लागून फेस येऊ लागला, तर ते बुडणे नसून फुप्फुसात पाणी भरणे असू शकते. दमा, अपस्मार, पूर्वी फुप्फुस मिटल्याचा इतिहास असेल, तर उतरण्यापूर्वीच तज्ज्ञाचा सल्ला घ्यावयास सांगावे. थंड पाण्यासाठी एक विशेष सूचना : अमेरिकी नौदलाच्या प्रयोगांत तळाशी ऊबदार राहून वर येताना गारठलेल्यांना बुडबुड्यांचा त्रास अधिक झाल्याचे दिसले. म्हणून विजेवर तापणारे जाकीट घालणाऱ्यांनी ते वर येताना बंद पडू देऊ नये.

शेवटी

कन्येने साडेआठ लिटरची पोलादी जोडी आणि अठरा किलोंची विंग घेतली, तीही दुसऱ्याने वापरलेली. सिलिंडरची दाबचाचणी नव्याने करवून आणि रेग्युलेटर मात्र नवे कोरे. आधी एका तळ्यात सहा मीटरांवर झडपा उघडण्या-मिटण्याचा सराव झाला. पहिल्या दिवशी डावी झडप हाताला येईना. तिसऱ्या आठवड्यात अर्ध्या मिनिटात तिन्ही फिरवू लागली. तिच्या आईने या काळात सोमवार धरले होते, हे मी तिला सांगितलेले नाही. येथे लिहितो आहे, तेव्हा आता कळेलच.

उन्हाळ्यात स्कापा फ्लोहून फोन आला. पाणी बारा अंश, तळ तेहेतीस मीटर, एका क्रूझरची तोफ तिने हाताच्या अंतरावरून पाहिली होती. दोन्ही सिलिंडरांत मिळून एकशे दहा बार हवा शिल्लक ठेवून ती वर आली होती. तोफेपेक्षा त्या एकशे दहाचाच मला अधिक आनंद झाला. दुसरे सिलिंडर तिने वापरले नाही. ते वापरावे लागू नये, म्हणूनच ते न्यायचे असते.

आता बहुतेक रुग्णालयांत ऑक्सिजन नळीने येतो. २०२१ च्या त्या भीषण उन्हाळ्याने सिलिंडरचे मोल आपणां सर्वांना शिकविले, आणि तो धडा आता हळूहळू पुसट होऊ लागला आहे. माझी आपल्या तरुण सहकाऱ्यांना एवढीच विनंती आहे : उद्या सकाळी थिएटरमध्ये गेल्यावर कोपऱ्यातील राखीव सिलिंडरला किल्ली लावा आणि काटा हलतो की नाही, ते स्वतः पाहा. वर काय लिहिले आहे, ते वाचू नका.